एकसष्टचे उत्तर : १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा इतिहास

१/
१,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. या संख्येचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा, उरलेल्या राशीला ६१ ने भागा. पुन्हा एक पूर्ण वर्गच हाती येतो. ही संख्या इ. स. ११५० मध्ये सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या एका गणितज्ञाच्या ग्रंथात अवतरली. त्यानंतर ५०७ वर्षांनी फ्रान्समधील एका न्यायाधिकाऱ्याने तिलाच कोड्याचे उत्तर म्हणून लपवून ठेवले आणि ते कोडे युरोपातील गणितज्ञांपुढे टाकले. आजचा धागा या संख्येविषयी. #इतिहास #धागा

२/
प्रथम प्रश्न समजून घेऊ. असा कोणता पूर्ण वर्ग आहे, की ज्याला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता येणारी राशीही पूर्ण वर्गच असेल? आजच्या लिखाणात : ६१य² + १ = क्ष². य आणि क्ष या दोन्ही शून्याहून मोठ्या पूर्ण संख्या हव्यात, अपूर्णांक चालणार नाहीत. प्राचीन भारतीय गणितात या प्रकाराला ‘वर्गप्रकृती’ म्हणत. ६१ ही ‘प्रकृती’, य हे ‘कनिष्ठ’ मूळ, क्ष हे ‘ज्येष्ठ’ मूळ आणि मिळवायची संख्या म्हणजे ‘क्षेप’. हे शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

३/
प्रश्न दिसायला शालेय आहे. ६१ च्या शेजाऱ्यांकडे पाहिले तर तो तसाच वाटतो. प्रकृती ६० असेल तर कनिष्ठ ४ आणि ज्येष्ठ ३१ : ६० × १६ = ९६०, त्यात १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. प्रकृती ६२ असेल तर कनिष्ठ ८ आणि ज्येष्ठ ६३. ही उत्तरे कागदावर दोन मिनिटांत सापडतात. मग ६१ चे उत्तर असे कितीसे दूर असणार?

४/
बरेच दूर. ६१ चे सर्वांत लहान कनिष्ठ मूळ आहे २२,६१,५३,९८० आणि त्याचे ज्येष्ठ मूळ म्हणजे आपली नायिका १,७६,६३,१९,०४९. कुणी १, २, ३ असे एकेक कनिष्ठ घेऊन दर मिनिटाला एक या वेगाने, अहोरात्र न थांबता पडताळा पाहू लागला, तर त्याला उत्तरापर्यंत पोहोचायला ४३० वर्षे लागतील. ज्याने हे उत्तर लिहिले त्याच्यापाशी चाचपडण्यापलीकडची एखादी रीत होती, हे केवळ उत्तराच्या आकारावरूनच सिद्ध होते.

५/
ती रीत एका दिवसात किंवा एका डोक्यातून जन्मली नाही. इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाळ (आजचे राजस्थानातील भीनमाळ) येथील ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला. त्यात वर्गप्रकृतीचा विचार आहे. ९२ आणि ८३ या प्रकृतींची उदाहरणे देऊन, जो ती वर्षभरात सोडवील तोच खरा गणक, अशा आशयाचे आव्हानही त्याने दिले आहे. ९२ चे उत्तर : कनिष्ठ १२०, ज्येष्ठ ११५१. पडताळून पाहा.

६/
ब्रह्मगुप्ताची खरी देणगी म्हणजे ‘भावना’. एका प्रकृतीची, वेगवेगळ्या क्षेपांची दोन उत्तरे हाती असतील, तर त्यांच्या संयोगातून तिसरे उत्तर निर्माण करता येते. नवे कनिष्ठ म्हणजे तिरक्या गुणाकारांची बेरीज. नवे ज्येष्ठ म्हणजे दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार अधिक प्रकृतीपट दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार. आणि नवा क्षेप म्हणजे जुन्या क्षेपांचा गुणाकार. उत्तरांपासून उत्तरे जन्माला घालणारे हे यंत्र होय. मात्र यंत्राला योग्य कच्चा माल हवा. क्षेप १, २ किंवा ४ (धन वा ऋण) असलेले एखादे उत्तर आधी मिळाले, तरच पुढचा मार्ग निश्चित होतो.

७/
तो कच्चा माल हमखास मिळवून देणारी रीत म्हणजे ‘चक्रवाल’. ती भास्कराचार्यांनी शोधली असे सर्रास लिहिले जाते. परंतु १९५४ मध्ये लखनौचे गणित-इतिहासकार कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या ‘सुंदरी’ या टीकेत उद्धृत झालेला आचार्य जयदेवाचा मजकूर प्रसिद्ध केला आणि चित्र पालटले. सुंदरी टीका इ. स. १०७३ ची. म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माच्या निदान चार दशके आधी चक्रवाल ज्ञात होती. (गीतगोविंदकार जयदेवाशी याचा संबंध नाही.) भास्कराचार्यही ही रीत स्वतःची म्हणून मिरवत नाहीत, हिला चक्रवाल म्हणतात, अशीच त्यांची भाषा आहे.

८/
भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानले जातात. आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, असे ते स्वतः सांगतात. ते नेमके कोणते, यावर विद्वानांत आजही वाद आहे. आपला प्रश्न ‘बीजगणित’ या भागात येतो. तिथे ते वाचकाला मित्र म्हणून साद घालतात आणि दोन प्रकृती पुढे ठेवतात : ६७ आणि ६१.

९/
आता प्रत्यक्ष रीत पाहू. घाबरू नका, पाच पायऱ्यांत काम होते.
पायरी पहिली : सोपे उत्तर घ्या. कनिष्ठ १ घेतले तर ६१ × १ = ६१. जवळचा वर्ग ६४. म्हणून ज्येष्ठ ८, क्षेप ३. आपल्याला क्षेप १ हवा होता, मिळाला ३. हरकत नाही; चक्रवालीचे सामर्थ्य हेच की ती चुकीच्या क्षेपापासून आरंभ करू देते.

१०/
पायरी दुसरी : असा गुणक शोधा की कनिष्ठाला त्याने गुणून त्यात ज्येष्ठ मिळवल्यास क्षेपाने निःशेष भाग जावा आणि गुणकाचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. (१ × ७ + ८) ÷ ३ = ५. गुणक ७, कारण ४९ हा ६१ पासून फक्त १२ ने दूर आहे. पुढचा पात्र गुणक १०, त्याचा वर्ग ३९ ने दूर. म्हणून नवे कनिष्ठ ५. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = ऋण ४. नवे ज्येष्ठ ३९. पडताळा : ६१ × २५ = १५२५; त्यातून ४ वजा केले की १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग.

११/
एकाच फेरीत क्षेप ऋण ४ झाला आणि ब्रह्मगुप्ताचे दार उघडले.
पायरी तिसरी : सर्वांना निम्मे करा. कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप ऋण १. याची स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप १. क्षेप हवा तो मिळाला, पण मुळे अपूर्णांकात.
पायरी चौथी : पायरी तिसरीतील दोन उत्तरांची परस्परांशी भावना. कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप ऋण १. अपूर्णांक गेले, चिन्ह बिघडले.

१२/
पायरी पाचवी : या उत्तराची पुन्हा स्वतःशी भावना. कनिष्ठ २ × ३८०५ × २९,७१८ = २२,६१,५३,९८०. ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. क्षेप १.
संपले. ज्यासाठी चाचपडणाऱ्याला ४३० वर्षे लागली असती, ते पाटीवर सकाळच्या प्रहरात होणारे काम ठरले. ज्येष्ठाचा वर्ग आहे ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ आणि ६१ पट कनिष्ठवर्ग आहे त्याहून बरोबर एकने कमी. लीलावतीत संख्यास्थानांची नावे एकपासून परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत दिली आहेत. इथे एकतीस परार्धांहून मोठ्या दोन राशी केवळ एका एककाने वेगळ्या आहेत.

१३/
या अचूकतेचा एक फायदाही आहे. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले तर ६१ चे वर्गमूळ मिळते आणि त्यातील चूक एका परार्धांशापेक्षाही लहान असते. ६१ चे खरे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकात पूर्णपणे मावत नाही. पण हा अपूर्णांक त्याच्या इतका निकट जातो की व्यवहारातील कोणत्याही मोजमापाला दोघांतील भेद कळू नये.

१४/
गणित झाले, आता ग्रंथाचा प्रवास. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. तो १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघणाच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापला आणि इ. स. १२०७ मध्ये निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले, असे हा लेख सांगतो. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात मठाला द्यावयाच्या देण्यांची नोंद आहे.

१५/
त्या मराठी ओळींचे महत्त्व मला फार वाटते. बीजगणित टिकले ते केवळ बुद्धिवैभवाने नव्हे. मठाला रोजच्या व्यवहारातून ठरावीक वाटा द्यायचा, हे कुणीतरी मान्य केले, म्हणून ते टिकले. ज्ञानाच्या इतिहासात श्लोकांइतकीच ही देण्याघेण्याची नोंदही साधन म्हणून मोलाची आहे. पुढे गोदाकाठच्या पार्थपूरच्या सूर्यदासाने १५३८ मध्ये बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ टीका लिहिली. मूळ विदर्भातील घराण्याच्या कृष्ण दैवज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी ‘बीजपल्लव’ रचली. ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जात होता.

१६/
याच साखळीतली एक अनपेक्षित कडी पाहा. १६३४-३५ मध्ये अताउल्लाह रशीदी याने बीजगणिताचा फारसी अनुवाद करून तो शाहजहानला अर्पण केला. अताउल्लाह हा ताजमहालाचा स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा बांधणारा वास्तुकार म्हणून तेथील दरवाजावरील लेखात ज्या अताउल्लाहचे नाव आहे, तो हाच मानला जातो. पुढच्या वेळी मकबऱ्यासमोर उभे राहाल, तेव्हा वर्गप्रकृतीची आठवण असू द्या.

१७/
आता युरोप. फेब्रुवारी १६५७. फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयात अधिकारी असलेला प्येर द फर्मा इंग्लंडच्या आणि इतर देशांच्या गणितज्ञांना आव्हान देतो : वर्ग नसलेली कोणतीही संख्या घ्या, तिला ज्या वर्गांनी गुणून १ मिळवता पुन्हा वर्ग येतो असे अनंत वर्ग असतात, ते शोधण्याची रीत सांगा. फ्रेनिक्ल या मित्राला लिहिताना तो दोन संख्या सुचवतो, ६१ आणि १०९. फार कष्ट पडू नयेत म्हणून लहान संख्या निवडल्या, असा खोडसाळ शेराही जोडतो.

१८/
१०९ ची ‘लहान’ उत्तरे अशी : कनिष्ठ १,५१,४०,४२,४४,५५,१००, ज्येष्ठ १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. फर्माला विनोदबुद्धी होती, हे मान्य करावे लागेल. इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्राउंकर आणि ऑक्सफर्डचे जॉन वॉलिस कामाला लागले. त्यांची पहिली उत्तरे अपूर्णांकांत होती, फर्माने ती नाकारली. मग ब्राउंकरने पूर्णांकांची रीत शोधली आणि वॉलिसने १६५८ मध्ये हा सारा पत्रव्यवहार छापून काढला.

१९/
यानंतर इतिहासाने एक गंमत केली. अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलरने ब्राउंकरची रीत चुकून जॉन पेल या दुसऱ्याच इंग्रज गणितज्ञाच्या नावे लावली. पेलचा या सोडवणुकीत वाटा नव्हता. पण ऑयलरचा शब्द वजनदार, त्यामुळे नाव चिकटले. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हे समीकरण ‘पेलचे समीकरण’ म्हणूनच शिकवले जाते. असे समीकरण प्रत्येक अवर्ग संख्येसाठी सुटतेच, याची सिद्धता १७६८ च्या सुमारास लाग्रांजने दिली.

२०/
इथे या धाग्याचा कळीचा प्रश्न येतो. समाजमाध्यमांवर हा इतिहास बहुधा एका वाक्यात आटोपतो : फर्माने भास्कराचार्यांचे उत्तर चोरले. वरवर पाहता पुरावा भक्कम दिसतो. तीच संख्या ६१, तेच उत्तर, आणि अवघी बावीस-तेवीस वर्षे आधी झालेला फारसी अनुवाद. परंतु क्रम म्हणजे कार्यकारण नव्हे. ते हस्तलिखित किंवा त्यातील आशय फर्मापर्यंत पोहोचल्याचे दाखवणारे एकही पत्र, एकही उल्लेख आजवर पुढे आलेला नाही. इतिहासात संशय हा आरंभ असतो, निष्कर्ष नव्हे.

२१/
आणि योगायोग वाटणारी गोष्ट मुळात योगायोगच नाही. शंभरापर्यंतच्या सर्व प्रकृतींत सर्वांत मोठे लघुतम उत्तर ६१ चेच आहे. तो विक्रम मोडणारी पुढची संख्या कोणती? नेमकी १०९. म्हणजे फर्माने मुद्दाम सर्वांत दुर्गम शिखरे निवडली होती. रीत हाती असलेल्या कुणालाही, मग तो बाराव्या शतकातील असो वा सतराव्या, ६१ हीच संख्या खुणावणार. शिवाय भास्कराचार्यांची जोडी ६७ आणि ६१, फर्माची ६१ आणि १०९. नक्कल असती तर ६७ का गळाली आणि १०९ कोठून आली, याचेही उत्तर द्यावे लागते.

२२/
याच्या उलट टोकाचा पक्षही आहे : भारतीयांपाशी निव्वळ हातोटी होती, खरे गणित युरोपचे. तोही टिकत नाही. चक्रवाल प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची सिद्धता भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही, हे खरे. पण फर्मानेही आपली सिद्धता प्रसिद्ध केली नाही. आणि रीत म्हणून चक्रवाल इतकी निर्दोष निघाली की जर्मन इतिहासकार हेर्मान हांकेल याने १८७४ मध्ये, लाग्रांजपूर्वीच्या संख्याशास्त्रातील ती सर्वांत सुंदर गोष्ट, या आशयाचा गौरव केला.

२३/
ती सिद्धता अखेर भारतातूनच आली. १९२९-३० मध्ये म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी चक्रवालीचे काटेकोर विश्लेषण करून ती नेहमीच फलद्रूप होते, हे दाखवले. (कवी व भाषांतरकार ए. के. रामानुजन हे त्यांचे पुत्र.) जयदेवाला उजेडात आणणारे शुक्ल आणि चक्रवालीला सिद्धता देणारे अय्यंगार, या दोघांनी कुणावर चोरीचा आरोप केला नाही. त्यांनी पोथी वाचली, गणित केले आणि प्रसिद्ध केले. अभिमान बाळगायचा तर तो असा बाळगावा.

२४/
मग ‘पेल’ हे नाव पुसावे का? आज अनेक अभ्यासक ब्रह्मगुप्ताचे नाव जोडून या समीकरणाचा उल्लेख करतात, ते योग्यच आहे. तरी नावाच्या पाटीपेक्षा महत्त्वाचा आहे तो पाटीमागचा क्रम : भीनमाळची भावना, जयदेवाची चक्रवाल, भास्कराचार्यांचे उदाहरण, पाटणचा मठ, पार्थपूरची टीका, अताउल्लाहची फारसी, आणि दुसरीकडे स्वतंत्रपणे फर्मा, ब्राउंकर, लाग्रांज. १८१३ मध्ये स्ट्रेचीने इंग्रजीत आणलेले बीजगणित याच फारसी अनुवादावरून झाले होते. कोलब्रुकचे थेट संस्कृतावरून केलेले भाषांतर १८१७ चे. हे दोन प्रवाह एकमेकांस खऱ्या अर्थाने भेटले ते तेव्हा.

२५/
शिलालेख झिजतात, पोथ्यांना वाळवी लागते, नावे चुकीच्या माणसांना चिकटतात. १,७६,६३,१९,०४९ ही संख्या मात्र बनावट करता येत नाही. ती बरोबर आहे की नाही, हे ठरवायला ना राजाश्रय लागतो ना कुणाचा शब्द. पाटी-पेन्सिल घ्या, वर दिलेल्या पाच पायऱ्या स्वतः करून पाहा. त्या जमल्या की प्रकृती ६७ घ्या. भास्कराचार्यांनी मित्राला घातलेले ते दुसरे उदाहरण आहे आणि त्याचे ज्येष्ठ मूळ पाचच अंकी आहे. उत्तर खाली लिहा. पडताळा इतर वाचक करतील.

(धागा समाप्त)